गेमसेठ

वऱ्हाडात सेठ व्हायला जिनिंग लागते, सराफ्यात पेढी लागते, निदान धान्याचं दुकान तरी लागतंच. आमच्या सेठजवळ यातलं काही नव्हतं. वडील पाटबंधारे खात्यात कारकून, घर भाड्याचं, सायकल मोठ्या भावाची. त्याच्याजवळ होता प्लास्टिकचा एक लाल-पांढरा डबा, दोन रिमोट, एक बंदूक, एक अडॉप्टर आणि पिवळ्या रंगाची एक कॅसेट. तेवढ्या भांडवलावर नव्वदच्या दशकातले कितीतरी उन्हाळे तो अमरावतीत गाडगेनगराच्या बाजूच्या आमच्या गल्लीवर राज्य करत होता. खरं नाव सांगत नाही. तो आता सरकारी नोकरीत आहे, आणि सरकारी माणसाचं नाव छापून आलं की ते कौतुकाचं असलं तरी वरून खुलासा मागवतात.

ही जात एकट्या आमच्या गल्लीत नव्हती. रुक्मिणीनगरात असा एक सेठ होता, साईनगरात होता, अकोल्याला जठारपेठेत मावशीकडे गेलं की तिथेही एक होताच. ओळखायच्या खुणा सगळीकडे सारख्या. हा मुलगा मैदानावर फारसा दिसत नाही. क्रिकेटच्या टीममध्ये त्याला शेवटून दुसरा घेतात, कारण शेवटचा म्हणजे कोणाचा तरी लहान भाऊ असतो. वर्गात मधल्या बाकावर बसतो. मारामारी करत नाही, शिव्याही बेताच्याच देतो. आणि मुख्य म्हणजे त्याला गेम येत नाही. मारिओला पहिल्याच खड्ड्यात घालावं तर त्यानंच. पण एप्रिलमध्ये परीक्षा संपली की दुपारी बारा वाजता सगळ्या गल्लीच्या चपला त्याच्या दारात असतात.

आमच्या पिढीच्या जन्माचं साल 1983. त्या वर्षी 1 मेला अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, 25 जूनला लॉर्ड्सवर कपिल देवच्या हाती विश्वचषक आला आणि 15 जुलैला जपानात निंटेंडो कंपनीचा 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजे फॅमिकॉम, दुकानात लागला. किंमत 14,800 येन. आमच्या शिक्षणात या तिघांपैकी कोणाचा वाटा किती, हे विद्यापीठाच्या आवारात बोलायची सोय नाही. निंटेंडो ही 1889 साली क्योटोत पत्ते तयार करायला निघालेली कंपनी. हे त्या काळी ठाऊक असतं तर फार कामी आलं असतं. कारण सेठची आई रोज म्हणायची, "त्या डब्ब्यापेक्षा पत्ते कुटा रे पोट्टेहो, काही नाई तं डोळे तरी वाचतीन!"

अस्सल फॅमिकॉम आमच्या गल्लीत कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. ज्या मसायुकी उएमुरांनी तो घडवला, त्यांचं नाव आमच्या कानावर आलं ते 2021 साली ते वारल्याची बातमी आली तेव्हा. आपल्याकडे पोचले ते फॅमिकॉमचे भाऊबंद: समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर. चेहरे वेगळे, आत तोच आठ बिटांचा जीव. कामापुरती मेमरी 2 किलोबाइट. आज सकाळी सकाळी काकांकडून येणारा 'शुभ प्रभात'चा गुलाब त्याच्या कितीतरी पट जड असतो. 'सुपर मारिओ' हा आख्खा गेम, त्यातल्या आठ दुनिया, बत्तीस टप्पे, कासवं, तोफा, संगीत धरून 40 किलोबाइटमध्ये मावला होता. जागा वाचवायला त्या लोकांनी ढग आणि झुडूप यांचं चित्र एकच ठेवलं होतं. पांढरं रंगवलं की ढग, हिरवं रंगवलं की झुडूप. हे आम्हाला पस्तिशीनंतर कळलं. तोवर आम्ही त्या दोन्हींकडे पाहत नव्हतो, सेठच्या तोंडाकडे पाहत होतो.

सेट आला तो मामाबरोबर. मामा मुंबईला नोकरीत होते. विदर्भ एक्स्प्रेसनं बडनेऱ्याला उतरले, ऑटोनं घरी आले आणि भाच्याच्या हाती खोका ठेवून झोपायला गेले. त्या खोक्यावर काय लिहिलं होतं ते सेठला समजलं नाही, पण कॅसेटवर आकडा होता तो समजला: नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. दुपारपर्यंत गल्लीत बातमी गेली. संध्याकाळपर्यंत आमच्यातल्या गणितातल्या हुशार पोरानं रोज दहा गेम धरून हिशेब मांडला आणि आपल्या नातवांनाही पुरतील असं जाहीर केलं. प्रत्यक्षात गेम निघाले बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे तेच ते, कुठे मारिओ उडतो, कुठे मारिओला आधीच मोठा करून ठेवलाय. पण सेठनं हा आकडा कधी खाली आणला नाही. कोणी म्हटलं, "हा तं तोच गेम हाय ना बे", तर तो शांतपणे म्हणायचा, "समोर पाह्यजो. समोर नवीन हायत."

टीव्हीला सेट जोडणं हा एक विधी होता. अँटेनाची वायर काढायची, तिथे सेटची खोचायची, टीव्हीच्या पुढच्या झाकणामागच्या बारीक चकत्या फिरवत बसायचं. आधी मुंग्या, मग तिरप्या रेघा, मग रेघांमागून हिरवट मारिओ, आणि शेवटी रंग धरून उभा राहिलेला मारिओ. चकत्या फिरवायचा अधिकार एकट्या सेठचा. त्याचे वडील कचेरीतून यायच्या आत सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून ठेवावं लागे. त्या काळी 'गेम खेळल्यानं पिक्चर ट्यूब जाते' हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वडलांना माहीत होतं. कुणी सांगितलं ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. ट्यूब गेलेला टीव्ही कोणी पाहिला नव्हता, पण अकोल्याच्या कोणाचा तरी गेला होता म्हणे. अकोलेकरांना विचाराल तर त्यांच्याकडे अमरावतीच्या कोणाचा तरी गेलेला असायचा.

सेठच्या आबांचा विरोध वेगळ्या जातीचा. आबा तरुणपणी हनुमान आखाड्यात, म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जात. 1914 सालची संस्था. 1936 मध्ये तिच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. आबांच्या बोलण्यात ते पथक रोज एकदा तरी यायचं. दारात उभे राहून ते आमची रांग बघत आणि म्हणत, "बर्लिनले जाऊन कबड्डी दाखवून आले आपल्या गावचे लोकं. अन् तुमी काय हालवून राह्यले? आंगठा!" मग आत येऊन खाटेवर बसत आणि मान न वळवता विचारत, "तो टोपीवाला मेला का कालचा?"

आता 'चान्स' या विषयाकडे येतो. सेठची खरी करामत इथेच होती, आणि तिचं मोल आम्हाला फार उशिरा कळलं. रिमोट दोन, पोरं दहा-बारा, दुपार एक. यातून वाट काढायला सेठनं कायदा केला, आणि तो कधीही कागदावर लिहिला नाही. मारिओत तीन लाईफ म्हणजे एक चान्स. कॉन्ट्रात सगळे लाईफ संपले की दे. टँकच्या गेममध्ये मधला गरुड फुटला की दोघंही उठा, मग गोळी कोणाचीही असो. (त्या गेममध्ये आपल्याच गोळीनं आपलाच गरुड फुटतो. युद्धाबद्दल इतकं खरं बोलणारा दुसरा गेम मी पाहिला नाही.) पण हे कायदे लोकांसाठी. सेठसाठी पोटकलमं होती. सेठ खड्ड्यात पडला तर बटण अडकलेलं असायचं. बटण अडकलं तर तो चान्स धरत नसत. आणि बटण अडकलं की नाही हे ठरवायला रिमोट तपासावा लागे, तो तपासायला पुन्हा खेळावं लागे.

चान्स फुकट नव्हता. पैसे सेठनं कधी घेतले नाहीत. पैसे घेणारे पार्लरवाले वेगळे, ते तासावर चालत. सेठचा धंदा श्रमावर होता. मे महिन्यात अमरावतीत पारा पंचेचाळिसाला टेकतो, घरात एकच कुलर, आणि त्या कुलरला दर तासाला पाणी लागतं. अंगणातल्या टाक्यातून दोन बादल्या आणून ओतल्या की एक चान्स. कैऱ्या आणल्या तर चान्स. राज कॉमिक्स आणलं तर चान्स, पण ते परत मागायचं नाही. सुट्टीच्या अभ्यासाची दोन पानं लिहून दिली तर चान्स आणि वर टँकमध्ये दुसरा रिमोट. गिलावडा आणला तर सेठ स्वतः उठून तुम्हाला आपल्या जागेवर बसवायचा, पण तेल लागलेले हात आधी धुवायला लावायचा.

सेठच्या आईनं ही व्यवस्था पाहिली आणि तिच्यातली ताकद ओळखली. तिच्या गच्चीवर कुरडया, पापड, खारोड्या वाळत पडलेल्या. कावळे टपलेले. तिनं दारात येऊन एवढंच म्हणावं, "इतके पोट्टे बसून हायत रिकामे, माह्या कुरडया कोनी फिरवत नाई बाप्पा!" सेठ स्क्रीनवरची नजर न काढता दोन बोटं वर करी. रांगेतले शेवटचे दोघं उठून गच्चीवर जात. रणरणत्या उन्हात कुरडया उलटवत, कावळे हाकलत आणि खिडकीतून येणारा मारिओचा मेल्याचा आवाज ऐकून आपला नंबर किती पुढे सरकला याचा अंदाज घेत. त्या वर्षीच्या कुरडया गल्लीत एकदम एकसारख्या वाळल्या होत्या, असं बायका अजून सांगतात.

आणि हे सगळं एका क्षणात शून्यावर यायचं, कारण लाईन जायची. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. या गेममध्ये जिथवर आलो ते साठवून ठेवायची सोय नव्हती. सातव्या दुनियेत पोचलेला मारिओ, तीन दिवसांची कुलरसेवा, अर्धा डझन कैऱ्या, सगळं पंख्याच्या पात्यांबरोबर घरघरत थांबायचं. सेठ अशा वेळी मोठा दिसायचा. ज्याचा चान्स बुडाला त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "तुया चान्स गेला नाई. लाईन आली की पयलेपासून." पयलेपासून म्हणजे रांगेच्या पहिल्यापासून. ते लाईन आल्यावर कळायचं.

इंग्रजी आमची बेताची. मारिओ पाण्यातून, आगीतून, किल्ल्यातून पार होतो, पूल तोडून त्या कासवराक्षसाला पाडतो, आणि पुढे राजकन्येऐवजी आळिंब्यासारख्या डोक्याचा एक बुटका उभा असतो. तो दोन ओळी बोलतो. सातही किल्ल्यांत तेच. राजकन्या भेटते ती आठव्यात. आम्ही सेठला विचारलं, हा काय म्हणते बे? सेठनं ओळी वाचल्या, ओठ हलवले आणि सांगितलं, "तो म्हणते, शाब्बास. आता दुसऱ्याले दे चान्स." आम्ही दिला. एकदा नाही, अख्खा उन्हाळा दिला.

कॉन्ट्राचा मंत्र मात्र सेठकडे नव्हता, तो बडनेऱ्याहून येणाऱ्या एका पोरानं आणला. वर-वर, खाले-खाले, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. सुरुवातीच्या पाटीवर एवढं दाबलं की तीनाऐवजी तीस लाईफ. काझुहिसा हाशिमोतो नावाचे कोनामी कंपनीतले एक गृहस्थ. 'ग्रॅडियस' नावाचा गेम घरगुती सेटवर आणताना तो त्यांनाच तपासायला जड जात होता, म्हणून 1986 मध्ये त्यांनी स्वतःसाठी ही चोरवाट ठेवली. ती पुढे कॉन्ट्रात आली आणि तिथून, बडनेऱ्यामार्गे, आमच्या गल्लीत. सेठला हे मुळीच आवडलं नाही. तीस लाईफ म्हणजे एकाचा चान्स संपेचना. रांग थांबली, कुलर कोरडा पडला. तिसऱ्या दिवशी सेठनं फर्मान काढलं: मंत्र म्हणणाऱ्याचे तीस लाईफ, पण त्यातले सत्तावीस सेटमालकाचे. हिशेब झाल्यावर पोरांनी आपणहून मंत्र सोडून दिला. बडनेऱ्याच्या पोरानं मात्र येणं सोडलं. तो पुढे सनदी लेखापाल झाला.

एवढं खरं की कॉन्ट्रात सेठबरोबर कोणी खेळायला तयार नसे. तिसऱ्या टप्प्यात धबधबा चढायचा असतो. एक वर गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो. सेठ नेहमी खाली राहायचा आणि मेल्यावर म्हणायचा, "थांबाचं असते ना लेका, सेट कोनाचा हाय?"

कॅसेट लागली नाही की सेठ ती उपटायचा, तोंडासमोर बाजासारखी धरायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकर मारायचा. मग टी-शर्टाला पुसून, देवाचं नाव घेऊन बसवायचा. लागायची. शास्त्र असं सांगतं की लागायची ती फुंकरीनं नव्हे, काढून पुन्हा बसवल्यानं. तांब्याच्या पट्ट्या नव्यानं घासल्या जात. उलट फुंकरीतल्या ओलीनं पट्ट्या गंजतात. पण जगातल्या प्रत्येक गल्लीतल्या प्रत्येक सेठनं कोणी न शिकवता फुंकर मारली. अमेरिकेत मारली, ब्राझीलमध्ये मारली. आमच्या सेठनं तर फुंकरीच्या प्रती ठरवल्या होत्या: कोरडी, लांब आणि 'कोंडून धरलेली'. इतर कोणी फुंकायला गेलं की तो म्हणायचा, "तुह्या फुंकरीत थुका हाय."

सगळ्यात मोठी गर्दी बंदुकीला. बदकांचा गेम. गवतातून बदक फडफडत उठतं, तीन गोळ्यांत पाडायचं. नाही पडलं तर कुत्रा गवतातून डोकं काढून तुम्हाला हसतो. त्या कुत्र्याच्या हसण्यानं आमच्या गल्लीत जितके अपमान झाले तितके शाळेतल्या छडीनं झाले नसतील. त्या बंदुकीतून काहीच निघत नाही, हेही आम्हाला पुढे कळलं. चाप ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला काचेचा डोळा तो उजेड टिपतो. टिपला तर बदक पडलं. म्हणजे ती बंदूक मारत नव्हती, बघत होती. पोरं मात्र एक डोळा मिटून, श्वास रोखून, टोंगळा टेकून नेम धरत. सतरंजीच्या काठापुढे सरकायचं नाही, हा सेठचा नियम.

या गेममध्ये एक चमत्कार आम्ही वर्षानुवर्षं पाहिला. सेठच्या मर्जीतला पोरगा बंदूक घ्यायचा तेव्हा बदक सरळ रेषेत, एखाद्या म्हाताऱ्यासारखं उडायचं. कुलरमध्ये पाणी न टाकणारा बसला, की त्याच बदकाच्या अंगात यायचं. डावीकडे झेप, एकदम खाली, पुन्हा वर, कोपऱ्यात कलटी. आम्ही त्याचं कारण नशिबात शोधलं, उन्हात शोधलं, लाईनच्या कमी-जास्त दाबात शोधलं. सेठ बाजूला मांडी घालून बसलेला असायचा. पाटीवरून गेम निवडायचा म्हणून रिमोट त्याच्या हातात, आणि नेहमी पहिलाच गेम, एका बदकाचा. "दोन बदकं तुमाले झेपत नाईत," तो म्हणायचा, आणि रिमोट मांडीवरच्या दस्तीखाली ठेवायचा. रिमोटवर धूळ बसू नये म्हणून.

मग व्हायचं ते झालं. दहावी आली, सायबर कॅफे आले, कोणाकडे प्लेस्टेशन आलं, आणि सेट माळ्यावर गेला. सेठ एका परीक्षेत पास होऊन लिपिक झाला. सध्या अकोल्यात असतो. मी एकदा त्याच्या कार्यालयात गेलो आणि दारातच ओळखलं की हा आपलाच माणूस. समोर बाकावर पाच-सहा जण बसलेले, सेठ मान खाली घालून काहीतरी लिहितोय आणि मधूनच, वर न बघता, दोन बोटं वर करतोय. सेठ पैसे खात नाही, हे त्याचे शत्रूही कबूल करतील. त्याला फक्त समोर चार माणसं आशेनं बसलेली लागतात. ती नसली की त्याचा हात चालत नाही. शिक्का उमटला नाही तर तो शिक्क्यावर फुंकर मारतो. पेन ड्राइव्ह लागला नाही तर पेन ड्राइव्हवर. बोटांचे ठसे घेणारं हजेरीचं यंत्र रुसलं, की सगळं कार्यालय सेठला बोलावतं. त्या बुटक्या माणसाच्या दोन ओळींचा अर्थही आता त्याला बरोबर लागला आहे. माझ्यादेखत त्यानं एका शेतकऱ्याला समजावून सांगितलं, "काका, तुमी आले ते चांगलं केलं. पन साहेब दुसऱ्या इमारतीत हायत."

दोन-तीन वर्षांपूर्वी त्याला जुन्याचं वेड लागलं. माळ्यावरून सेट उतरवला, अडॉप्टर नवा घेतला, कॅसेट फुंकली, लागली. बंदूक मात्र चालेना. एलईडी टीव्हीवर ती चालत नाही. चित्र थोडं उशिरा उमटतं, आणि बंदूक ज्या क्षणी उजेड शोधते त्या क्षणी तो तिथे नसतो. म्हणून सेठनं जुना काचेचा टीव्ही शोधायला काढला. अकोल्यातले भंगारवाले पालथे घातले, मूर्तिजापूरपर्यंत जाऊन आला. शेवटी एकवीस इंची एक धूड मिळालं, चौघांनी जिन्यातून वर चढवलं. वहिनींचं म्हणणं मी ऐकलं आहे आणि ते छापण्यासारखं आहे: "लोकं जुना टीव्ही देऊन नवा आनते. आमच्या घरी नवा भितीवर टांगेल हाय अन् त्याच्या खाले मढ्यासारखा हा पडेल हाय."

गेल्या मे महिन्यात त्यानं गल्लीतल्या सगळ्यांना अकोल्याला बोलावलं, पोराबाळांसकट. रोडगे, वांग्याची भाजी, वरण. अकोल्याचा पारा अमरावतीपेक्षा नेहमी वरचढ असतो आणि अकोलेकर ते पाहुण्याला थोड्या अभिमानानंच सांगतात. एसी आहे, पण सेठनं त्या खोलीत मुद्दाम कुलर लावला होता. पोरांनी सेट पाहिला, आणि एकानं लगेच सांगितलं की हे सगळे गेम त्याच्या मोबाइलवर आहेत, फुकट, कुठेही थांबवता येतात आणि मेलं तर मागे नेता येतं. सेठ म्हणाला, "मंग खेळ ना मोबाइलवर. इथी नंबर लागते." आश्चर्य म्हणजे पाच मिनिटांत पोरं रांगेत बसली. मोबाइलवर त्यांना कोणी नाही म्हणत नव्हतं. इथे एक माणूस म्हणत होता.

बदकांचा गेम लागला. माझी मुलगी पाचवीत आहे. तिची पाळी आली, बदक वेड्यासारखं उडायला लागलं, कुत्रा हसला. तिनं कटकट केली नाही. बंदूक दिली, कोपऱ्यात जाऊन माझा मोबाइल मागितला, काहीतरी वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, तुमच्या रिमोटनं बदक हलते. इथे लिहिलंय. पहिल्या गेममध्ये दुसरा माणूस रिमोटनं बदक उडवू शकतो."

खोलीत चाळिशीपलीकडची सात-आठ माणसं होती. दोन शिक्षक, एक दंतवैद्य, एक खतांचा व्यापारी. सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी सेठकडे वळले. मग जे सुरू झालं त्यात कैऱ्या निघाल्या, बादल्या निघाल्या, 1995च्या कुरडया निघाल्या. खतवाल्यानं राज कॉमिक्सची यादी नावानिशी म्हणून दाखवली. दंतवैद्य फक्त एवढंच म्हणत होता, "मी चष्मा लावला बे त्या बदकापायी. आईनं डॉक्टरकडे नेलं होतं मले."

सेठनं सगळं ऐकून घेतलं. दस्तीनं तोंड पुसलं.

"मंग?" तो म्हणाला. "सेट कोनाचा होता?"

यावर कोणालाच काही बोलता येईना, कारण कायदा तोच होता. तेवढ्यात माझी मुलगी पुढे आली. तिला बंदूक नको होती. ती सेठच्या शेजारी मांडी घालून बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "काका, थोडा वेळ रिमोट मी धरते. तुम्ही मारा."

सेठनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग कधी कोणाला दिला नव्हता तो रिमोट त्यानं तिच्या हातात ठेवला, स्वतः बंदूक घेतली, सतरंजीच्या काठावर टोंगळा टेकला. दहा बदकं उठली. दहाही गेली. दहा वेळा कुत्रा हसला, आणि अकराव्यांदा आबांसारखं खोकत खतवाला हसला. मुलीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. रिमोट तिनं केव्हाच ओढणीखाली घेतला होता.

"तुयी पोट्टी लय पुढं जाईन बे," सेठ मला म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यानं पुन्हा नेम धरला.

"काका, चान्स संपला," ती म्हणाली. "आधी कुलरमध्ये पाणी."